रात्रीच्या मालगाड्यांचा छायाचित्रकार

पावसाळ्याच्या रात्री खानापूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना मालगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते, हे निराळे सांगावयास नको. आधी रानातून एक खर्ज उठतो. तो कानांत स्थिरावतो न स्थिरावतो तोच इंजिनाचा दिवा ओल्या झाडांवर पडतो, आणि मग वाघिणींमागून वाघिणी, मोजता मोजता कंटाळा यावा इतक्या, फलाट हादरवीत लोंढ्याच्या दिशेने निघून जातात. लोक पुन्हा घड्याळाकडे पाहू लागतात. मालगाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी अडकवून ठेवली, एवढीच तिची आठवण त्यांच्यापाशी राहते.

आपल्याकडील जुन्या घरांतून रेल्वेच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. आम्हा गाण्यातल्या मंडळींना तर हा मार्ग विशेष जवळचा. मिरजेहून धारवाड-हुबळीकडे रेल्वेने गेलेला प्रत्येक गवई खानापूरवरूनच पुढे गेला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे येणेजाणे ह्याच वाटेने होते. आणि १९३७ साली त्यांना मृत्यू आला तोही रेल्वेच्या प्रवासात, दूर मद्रासकडील एका लहानशा स्टेशनाच्या फलाटावर. परंतु ह्या साऱ्या गोष्टी उतारूंच्या गाड्यांच्या. मालगाडीचे कौतुक कोणी केल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच ज्या एका गृहस्थाने डोंगरातील मालगाड्यांसाठी आयुष्याची पाच वर्षे आणि पदरचा पैसा खर्ची घातला, त्याचे चरित्र रसिक वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. ह्या गृहस्थाचे नाव ओगल विन्स्टन लिंक. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात १६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला.

लिंक यांचे वडील शाळेत सुतारकाम शिकवीत. हातात हत्यार धरावे कसे, आणि एखादी वस्तू विकत आणण्याऐवजी घरी करावी कशी, हे मुलाला त्यांच्याकडून मिळाले. लहानपणीच त्याला दोन वेडे लागली, एक आगगाडीचे आणि दुसरे कॅमेऱ्याचे. छायाचित्रे मोठी करण्याचे यंत्र त्याने मुलगेपणीच स्वतःच्या हातांनी तयार केले होते. पुढे ब्रुकलिनच्या तांत्रिक महाविद्यालयातून १९३७ साली त्याने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पण पूल किंवा रस्ते बांधण्याचा योग आला नाही. जाहिरातीचे काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने त्याचा कॅमेऱ्यावरील हात पाहून त्याला छायाचित्रकाराची नोकरी दिली. कारखान्यांची, यंत्रांची, विकाऊ मालाची चित्रे काढावयाची, आणि ती अशी की वर्तमानपत्राने आनंदाने छापावीत, असे ते काम. चित्रात कोण कोठे उभे राहील, प्रकाश कोठून येईल, पाहणाऱ्याची नजर आधी कोठे जाईल, हे सारे आधी ठरवूनच चित्र घ्यावयाचे, ही शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणविली.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा लिंक यांना सैन्यात घेतले नाही. गालगुंडाच्या आजाराने त्यांच्या ऐकण्यात उणेपणा आला होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. युद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत, विमानातून पाण्याखालील पाणबुडीचा माग काढण्याच्या संशोधनावर ते होते. विजेची जोडणी आणि बारीक मोजमाप ह्यांत त्यांचा हात तेथे पक्का झाला. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ उघडला. धंदा चांगला चालला. मोठमोठ्या कारखान्यांची कामे मिळू लागली. येथवरचे आयुष्य एखाद्या हुशार आणि कष्टाळू व्यावसायिकाचे आहे.

ते वळण घेते जानेवारी १९५५मध्ये. एका कंपनीच्या कामासाठी लिंक व्हर्जिनिया संस्थानातील स्टाँटन गावी गेले होते. दिवसाचे काम उरकल्यावर ते मोटारीने जवळच्या वेन्सबरो स्टेशनावर गेले. तेथून नॉरफोक अँड वेस्टर्न नावाच्या रेल्वेचा मार्ग जात असे. अमेरिकेत त्या वेळी बहुतेक सर्व मोठ्या रेल्वेकंपन्यांनी वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेलची इंजिने घेतली होती. नॉरफोक अँड वेस्टर्न मात्र अजून वाफेवर चालत होती. कारण उघड होते. तिचा धंदाच कोळशाचा. ॲपलाचियन डोंगरांतील खाणींतून निघालेला कोळसा समुद्राकडे वाहून न्यावयाचा आणि त्याच कोळशावर आपली इंजिने चालवावयाची. ही इंजिनेही ती रोनोक येथील स्वतःच्या कारखान्यात बांधी, आणि १९५३पर्यंत तेथे नवी इंजिने तयार होत होती.

त्या थंडीच्या रात्री लिंक फलाटावर उभे राहिले आणि वाफेची गाडी आली. लहानपणी पाहिलेले, आता देशातून नाहीसे होत चाललेले दृश्य जसेच्या तसे समोर होते. दुसऱ्याच रात्री, २१ जानेवारीला, ते दिवे आणि कॅमेरा घेऊन परत आले आणि त्यांनी रात्रीच्या गाडीचे पहिले चित्र घेतले. त्यानंतर त्यांनी कंपनीला पत्र लिहिले. कंपनीच्या अध्यक्षांनी तिच्या हद्दीत वावरण्याची परवानगी दिली. पैसे मात्र लिंक यांनी मागितले नाहीत आणि कंपनीने दिले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने आपली पहिली डिझेल इंजिने घेण्याचे जाहीर केले. घड्याळ चालू झाले होते.

ह्या रेल्वेचे रूप आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून दूर जावयास नको. खानापूरहून लोंढा, लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तेथून दूधसागरच्या धबधब्यावरून कुळ्यापर्यंत उतरणारा आपला घाट आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या ह्या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट इतकी चढण आहे. मुरगाव बंदराकडून कोळसा घेऊन वर येणाऱ्या मालगाडीला एकट्या इंजिनाच्या बळावर ती चढवत नाही. मागून रेटणारी आणखी इंजिने लावावी लागतात. पुढचे इंजिन ओढते, मागची रेटतात, आणि मधल्या वाघिणी दोन्हीकडून दाबल्या जाऊन कण्हत कण्हत वर सरकतात. व्हर्जिनियाच्या ब्लू रिज डोंगरातही असेच चाले. तेथे कोळशाच्या गाड्या आणखी लांब आणि इंजिने कितीतरी अवजड. पण चढणीवरची ती झुंज तीच.

ह्या गाड्यांची चित्रे लिंक यांनी रात्रीच का घेतली, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, सूर्य आपल्या हुकमतीत नाही आणि रूळही नाहीत. सूर्य नेहमी नको तेथे असतो. रात्री मात्र प्रकाश आपण ठेवू तेथेच राहतो. दिवसा इंजिनाभोवती तारा, खांब, झाडे, कचरा असे सारे दिसते. रात्री ज्याच्यावर आपण दिवा लावू तेवढेच दिसते. आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना ही गोष्ट लवकर उमजते. सातही स्वर हाताशी असताना भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य करतात, तेव्हा कोठे भूप उभा राहतो. काय घ्यावे ह्याइतकेच काय टाकावे हेही रागाला घडविते. लिंक यांनी अंधाराकडून टाकण्याचे काम करवून घेतले. शिवाय इंजिनातून सुटणारी वाफ दिवसा करडी दिसते. रात्री तिच्यावर प्रकाश पडला की ती कापसाच्या डोंगरासारखी पांढरी उठते.

सांगावयास सोपे, करावयास फार कठीण. त्या काळी लखकन उजळणारे काचेचे दिवे एकदाच पेटत आणि निकामी होत. आगगाडीएवढी मोठी वस्तू उजळावयाची तर असे कित्येक दिवे मोठमोठ्या परावर्तकांत बसवून, डोंगरउतारावर, नाल्याकाठी, घरांच्या छपरांवर मांडावे लागत. त्या सर्वांना शेकडो फूट तारांनी जोडून एकाच कळीने पेटवावयाचे. त्यासाठी लागणारा विजेचा संच लिंक यांनी स्वतः तयार केला. तीन तीन कॅमेरे एकाच क्षणी उघडावयाचे. एखादी तार सुटली तर सारा दिवस वाया. आणि गाडी काही पुन्हा मागे येत नाही. एका चित्रासाठी दिवसभर, कधी कधी त्याहून अधिक, मांडामांड करावयाची, आणि निकाल लागावयाचा एका सेकंदाच्या लहानशा तुकड्यात. आपले चित्र आले की नाही हे न्यूयॉर्कला जाऊन निगेटिव्ह धुईपर्यंत कळत नसे. दोघा-तिघा मदतनिसांना बरोबर घेऊन १९५५ ते १९६० ह्या काळात सुमारे वीस वेळा त्यांनी ही यात्रा केली. पोटापाण्याचा धंदा सांभाळून, मिळालेला पैसा ह्यात ओतून, त्यांनी सुमारे २,४०० निगेटिव्ह जमविल्या.

ह्या चित्रांत नुसती इंजिने असती तर ती इंजिनांच्या शौकिनांपुरती राहिली असती. लिंक यांनी गाडीबरोबर तिच्या कडेने राहणारी माणसे घेतली. एका चित्रात घराच्या दिवाणखान्यात बाई बसली आहे, मुलगा खिडकीशी उभा राहून हात हलवितो आहे आणि बाहेरून गाडी चालली आहे. दुसऱ्यात ओढ्याच्या पाण्यात मुले डुंबताहेत आणि वरच्या पुलावरून इंजिन धडधडत जाते आहे. सर्वांत गाजलेले चित्र १९५६ सालचे, वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर गावचे. मोटारीत बसून पाहावयाचा उघड्या मैदानावरील सिनेमा चालू आहे. पडद्यावर विमान उडते आहे. पुढच्या मोटारीत एक तरुण जोडपे एकमेकांना बिलगून बसले आहे. आणि पडद्याच्या शेजारून वाफेचा लोट सोडीत जलद मालगाडी निघाली आहे. विमान आणि मोटार ह्यांनी जिची सद्दी संपविली ती गाडी कोपऱ्यातून जाते आहे आणि मैदानात कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. ह्या चित्रांतील माणसे लिंक यांनी बसविलेली आहेत. त्या जोडप्याची मोटार लिंक यांचीच. दिव्यांच्या लखलखाटात पडद्यावरील चित्र पुसले जाई, म्हणून विमान निराळे टिपून नंतर त्यात बसविले आहे. मग ह्याला खरे चित्र म्हणावे काय? आम्हांला वाटते, म्हणावे. बैठकीत गवई रागाची मांडणी आधी ठरवूनच बसतो. म्हणून त्याचे गाणे खोटे ठरत नाही. गाडी खरी होती, तिची वेळ खरी होती, मुले त्या ओढ्यात खरोखर डुंबत असत. जे रोज विखुरलेले घडे ते लिंक यांनी एका रात्री एकत्र आणले. फसवावयाचे असते तर ह्याहून पुष्कळ सोपे मार्ग होते.

दिवसाच्या चित्रांतही त्यांची नजर तितकीच स्थिर आहे. ॲबिंग्डन गावाहून डोंगर चढत जाणारी एक लहानशी शाखा होती. तिच्यावर उतारूंचे आणि मालाचे डबे एकत्र जोडलेली मिश्र गाडी रांगत चाले. तिच्या ग्रीन कोव्ह स्टेशनावर १९५६ साली त्यांनी एक चित्र घेतले. लहानसे लाकडी स्टेशन, समोर गाडीला जुंपलेला म्हातारा पांढरा घोडा मान खाली घालून उभा, आणि पलीकडून इंजिन येते आहे. घोड्याला ज्याने मागे टाकले ते इंजिनही आता निरोप घेणार आहे, हे चित्राखाली लिहावे लागत नाही.

आता त्या उण्या कानांची गोष्ट. चित्रे काढता काढता लिंक यांच्या ध्यानात आले की, कितीही चांगले चित्र घेतले तरी अर्धी गाडी हातून निसटतेच आहे. वाफेचे इंजिन म्हणजे निम्मा आवाज. चढणीवर त्याचा ठेका मंदावतो, चाके घसरली की एकदम दुगुणीत जातो, पुन्हा समेवर येतो. दरीत शिटीचा प्रतिध्वनी फिरून येतो. ज्यांना सैन्याने ऐकण्यातील दोषामुळे परत पाठविले, त्यांनी ध्वनिमुद्रणाचे जड यंत्र मोटारीत घालून डोंगर पालथे घातले. १९५७पासून पुढे वीस वर्षांत त्यांनी वाफेच्या गाड्यांच्या आवाजाच्या सहा ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या.

ह्यांतील एका मुद्रणाची हकीगत संगीताच्या माणसाने सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. २४ डिसेंबर १९५७ची रात्र, नाताळची पूर्वसंध्या. डोंगरातील रूरल रिट्रीट नावाचे गाव. गावच्या चर्चमध्ये एक बाई नाताळची पदे वाद्यावर वाजवीत होत्या आणि त्यांचा घंटानाद गावभर ऐकू येत होता. लिंक यांनी हे आधी बोलून ठरविले होते. स्टेशनाजवळ यंत्र लावून ते थांबले. उतारूंची गाडी आली, थांबली, निघाली; तिचे श्वास पदाच्या सुरांत मिसळले, मग हळूहळू लांब गेले, आणि घंटा तेवढ्या राहिल्या. दोन वाद्ये कधी एकत्र सरावाला बसलेली नाहीत, आणि तरी एक दुसऱ्याला जागा देते आहे, असे ते मुद्रण आहे. वाफेची गाडी त्या मार्गावर पुढच्या नाताळात असणार नाही, हे लिंक जाणून होते.

१९६० साली नॉरफोक अँड वेस्टर्नच्या वाफेच्या गाड्या बंद झाल्या. लिंक आपल्या धंद्याकडे परत गेले. निगेटिव्ह पेट्यांत राहिल्या. आगगाड्यांची आवड असलेल्या थोड्या लोकांखेरीज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. जाहिरातीची, पुलांच्या बांधकामाची चित्रे काढीत वीसहून अधिक वर्षे गेली. १९८३ साली, ते जवळजवळ सत्तरीला आले असताना, ह्या चित्रांचे प्रदर्शन कलासंग्रहालयातून फिरले आणि अमेरिकेतील जाणत्यांना एकाएकी कळले की, आपल्या देशातील एका पर्वाचा शेवट कोणीतरी इतक्या जपून ठेवला आहे. १९८७ साली पहिला मोठा चित्रसंग्रह निघाला, १९९५ साली दुसरा. चित्रांच्या प्रती मोठ्या किंमतीला जाऊ लागल्या.

कीर्ती आली ती एकटी आली नाही. दुसऱ्या पत्नीनेच त्यांच्या चित्रांच्या प्रती लांबविल्या; प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९६ साली तिला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या ठेव्यासाठी सारे केले, त्याच ठेव्यावरून म्हातारपणी घर फुटले. तरी लिंक यांचे वेड कमी झाले नाही. १९९९ साली पडद्यावर आलेल्या एका चित्रपटात त्यांनी इंजिन ड्रायव्हरचे छोटेसे काम केले. त्या वेळी ते चौऱ्याऐंशीच्या घरात होते. ३० जानेवारी २००१ रोजी न्यूयॉर्कजवळील कटोना येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, २००४ साली, रोनोक येथील रेल्वेच्या जुन्या स्टेशनात त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. ज्या इमारतीतून उतारू गाडीकडे धावत, तेथे आता लोक थांबून गाड्या पाहतात.

लिंक यांनी वाफेची गाडी वाचविली नाही. ती कोणालाच वाचविता आली नसती. डिझेल स्वस्त पडत होते आणि हिशेबापुढे कोणाचे चालत नाही. त्यांनी केले ते इतकेच की, जी गोष्ट पाच वर्षांत जाणार हे ठाऊक होते, ती गेल्यावर हळहळण्याऐवजी ती असताना तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, आणि रीतसर परवानगी काढून, नीट मांडणी करून, पदरमोड करून तिला टिपले.

आम्हां कोल्हापूरकरांना ह्याची किंमत निराळी समजावयास नको. अल्लादिया खाँसाहेब ह्या संस्थानाच्या दरबारात गायले, ह्याच गावात त्यांनी शिष्य तयार केले, आणि १९४६ साली ते गेले. ध्वनिमुद्रिकांचा जमाना त्यांच्या हयातीतच जोरात सुरू झाला होता. पण त्यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. गायकी शिष्यांच्या गळ्यांतून उरली, ते आपले भाग्य. तो गळा मात्र कसा होता हे सांगावयाचे तर ज्यांनी ऐकला त्यांच्या वर्णनावर भिस्त, आणि ती माणसेही आता राहिली नाहीत. दरबारी गवयांच्या घरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही उणीव घरचीच आहे. वडिलांनी कोणती तान कोठून उचलली हे सांगता येते. ती ऐकविता येत नाही.

लोंढ्याकडील अरुंद रूळ १९९०च्या दशकात उखडले गेले आणि त्यांच्या जागी रुंद रूळ आले. अरुंद रुळांवरील वाघिणींचा खडखडाट, कॅसलरॉकला इंजिनांची होणारी जोडतोड, गार्ड आणि ड्रायव्हर ह्यांच्या शिट्यांची देवघेव, हे ज्यांनी नोकरी म्हणून रोज ऐकले, त्यांपैकी कित्येकजण बेळगाव-खानापूरकडील घरांतून निवृत्त होऊन बसले आहेत. देशभर आता विजेची इंजिने डिझेलची जागा घेत आहेत. म्हणजे आज रात्री खानापूरवरून ज्या खर्जात मालगाडी जाते, तोही पाहुणाच. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे जुने रेल्वेवाले आजोबा किंवा काका असतील, तर येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे, घाटातील चढणीवर इंजिन कसे बोलत असे हे त्यांच्या तोंडून ऐकावे, आणि ते बोलत असताना जवळचे यंत्र चालू ठेवावे.